चार बोटे पाण्यात तरंगणारी होडी

आधी एक गणित सोडवू या, मग आंबोलीला जाऊ.

समजा, साडेचार मीटर लांबीची, मधोमध ८० सेंटिमीटर रुंदीची आणि दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली एक हलकी होडी आहे. अशा होडीला कॅनू म्हणतात. तिचे वजन ३० किलोग्रॅम. तीत प्रत्येकी ४५ किलोग्रॅम वजनाची दोन मुले बसली आणि शिदोरी, पाणी, दोरी असे आणखी १० किलोग्रॅम सामान ठेवले. एकंदर वजन झाले १३० किलोग्रॅम. ही होडी पाण्यात किती खोल बुडेल?

आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हांला ठाऊक आहे. तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो. म्हणजे आपल्या होडीने १३० लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. होडी आयताकृती असती तर तिच्या तळाचे क्षेत्रफळ ४.५ × ०.८ = ३.६ चौरस मीटर झाले असते. पण टोके निमुळती असल्यामुळे आपण त्याचे दोन-तृतीयांश, म्हणजे २.४ चौरस मीटर धरू. १३० लिटर म्हणजे ०.१३ घनमीटर. त्याला २.४ ने भागले की उत्तर येते सुमारे साडेपाच सेंटिमीटर. होडीचा तळ अगदी सपाट नसतो, थोडा गोलसर असतो. म्हणून मधला भाग आणखी दोन सेंटिमीटर खाली जाईल असे समजा. तरीही सात-आठ सेंटिमीटरच! हाताची चार बोटे जुळवून पाण्यात आडवी धरा. झाली तेवढी खोली.

यंत्राच्या होडीला हे जमत नाही. तिचा पंखा तळाच्या खाली फिरत असतो, त्याला निदान मांडीभर पाणी लागते. शिवाय ती तेल सांडते, धूर सोडते आणि दूरवर ऐकू जाईल एवढा आवाज करते. वल्ह्याची होडी यातले काहीच करीत नाही. म्हणून ती अगदी निरुपद्रवी, असा पुष्कळांचा समज असतो. एका अर्थी तो बरोबरही आहे. पण आपले गणित पुन्हा एकदा पाहा. जी होडी चार बोटे पाण्यात तरंगते ती, जिथे दुसरी कोणतीही होडी जाऊ शकत नाही, तिथे जाऊन पोहोचते. आणि नदीतील बहुतेक लहान जीवांची घरे नेमकी त्या चार बोटे पाण्यातच असतात. माशांची पिल्ले, बेडकांचे डिंबक, दगडांना चिकटलेल्या किड्यांच्या अळ्या, काठाच्या गोट्यांत अंडी घालणारे पक्षी, सगळे उथळ पाण्याच्या आसऱ्याला. खोल पाण्यात मोठे मासे त्यांना खातात, म्हणून तर ते तिथे आलेले असतात.

तेव्हा होडी कोठे न्यावी आणि कोठे नेऊ नये, हे ठरवायला नुसता चांगला हेतू पुरत नाही. त्या पाण्याची प्रकृती ओळखावी लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात यासाठी दोन उत्तम उदाहरणे आहेत. एक घाटमाथ्यावर, दुसरे समुद्रकाठी.

देवाचा मासा

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता घाट चढून वर आला की आंबोली लागते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६९० मीटर. येथे वर्षाला सुमारे सात मीटर पाऊस पडतो. एवढे पाणी वाहून न जाता साठले, तर दोन मजली घर त्यात बुडेल! येथील डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचे उघडे सपाट पठार आढळते, त्याला आपण सडा म्हणतो. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात स्पंजाप्रमाणे मुरते, खाली पाणी न झिरपू देणारा थर लागला की आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आंबोली गावाजवळ अशाच एका गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. उगमाशी महादेवाचे मंदिर आणि कुंड आहे.

या नदीचा प्रवास मोठा मजेदार आहे. आंबोलीच्या कड्यावरून अरबी समुद्र फार दूर नाही; पण हिरण्यकेशी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी गावे घेत ती कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे आंबोलीच्या कुंडात एखाद्याने टाकलेली गोष्ट कोकणात नाही, तर देशावर जाते.

२०२० साली या उगमाच्या पाण्यातून माशाची एक नवी जाती शास्त्राला कळली. प्रवीणराज जयसिम्हन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमणियन यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नदीवरून तिला नाव दिले ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. हा लोच नावाच्या गटातील मासा आहे. बोटभर लांबीचा, अंगावर पट्टे असलेला, ओठांभोवती लहान मिशा असलेला. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरत नाही; तळाशी गोट्यांच्या आधाराने राहतो आणि मिशांनी चाचपून अन्न शोधतो. आसपासचे लोक मंदिराच्या पाण्यातल्या या माशाला ‘देवाचा मासा’ म्हणतात. ‘नवा मासा सापडला’ असे आपण म्हणतो खरे, पण सापडला तो शास्त्रज्ञांना. गावाला तो होताच, आणि देवाचा म्हणून त्याला थोडेबहुत अभयही होते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने जैविक विविधता अधिनियम, २००२ याखाली हा परिसर ‘जैविक वारसा स्थळ’ म्हणून जाहीर केला. क्षेत्र किती? फक्त २.११ हेक्टर. सुमारे तीन फुटबॉल मैदाने! वाघासाठी शेकडो चौरस किलोमीटरचे अभयारण्य लागते हे आपण वाचतो. एका बोटभर माशासाठी तीन मैदानांएवढी जागा राखली जाते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. परंतु याचा दुसरा अर्थही आहे. ज्याचे घर इतके लहान, त्याला पळून जायला दुसरी जागा नसते.

महाशिवरात्रीला येथे भाविकांची गर्दी होते. सुट्टीच्या दिवशी सहलीही येतात. कोणी पाण्यात उतरतो, कोणी पाय बुडवून बसतो, कोणी मुलांना मासे दिसावेत म्हणून दगड उलटे करून दाखवतो. कुंड लहान आहे, त्यात होडी घालण्याचा प्रश्नच येत नाही. पण होडीचा तळ, वल्ह्याचे पाते आणि माणसाचे पाऊल यांचा तळावर होणारा परिणाम एकाच जातीचा असतो. म्हणून आपण पावलापासून सुरुवात करू.

गाळ किती वेळ तरंगतो?

स्वच्छ ओढ्यात पाय ठेवला की तळातून एक तपकिरी ढग उठतो. आपण पुढे जातो, ढग मागे राहतो. तो केव्हा बसतो?

जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली याचा नियम सांगितला. द्रवातून खाली जाणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला तर वेग पाव होतो. व्यास एक-दशांश झाला तर वेग एक-शतांश! हा नियम बारीक कणांनाच नीट लागू पडतो, गोट्यांना नाही.

आता पाणी ३० सेंटिमीटर खोल आहे असे धरू. एक-दशांश मिलिमीटर व्यासाचा रेतीचा कण सेकंदाला आठ-नऊ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे ३५-४० सेकंदांत तळ गाठतो. त्याच्या एक-दशांश व्यासाच्या, म्हणजे एक-शतांश मिलिमीटरच्या गाळाच्या कणाला सुमारे ५५ मिनिटे लागतात. आणि चिकणमातीचा कण, ज्याचा व्यास मिलिमीटरच्या दोन-सहस्रांश असतो, तो तळाशी पोहोचायला जवळजवळ पूर्ण दिवस घेतो.

हे झाले स्थिर पाण्यात. ओढा वाहता असेल तर? वाहण्याचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर धरा. तो काही फार नाही, रमतगमत चालणाऱ्या माणसाहून कितीतरी कमी आहे. गाळाचा कण ५५ मिनिटे तरंगत राहिला, तर तेवढ्या वेळात तो साडेसहाशे मीटरांहून अधिक खाली गेलेला असेल. प्रत्यक्षात पाणी खळाळत असते, कण पुन्हा पुन्हा वर उचलला जातो, त्यामुळे अंतर आणखी वाढते. तुमचा पाय एका जागी पडला, पण त्याचा गाळ अर्ध्या किलोमीटरपलीकडच्या माशाच्या कल्ल्यांत जाऊन बसला.

कल्ल्यांत बसला म्हणजे काय झाले? एक लिटर हवेत पाव ग्रॅमहून जास्त प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, ते २० अंश सेल्सियस तापमानाचे असेल तर, विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ९ मिलिग्रॅम. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे मासा आपल्याहून सुमारे तीसपट विरळ प्राणवायूवर जगतो. त्यासाठी निसर्गाने त्याला कल्ल्यांच्या अतिशय नाजूक पापुद्र्यांची जाळी दिली. त्या पापुद्र्यांवर चिखल बसला की मासा गुदमरू लागतो. तळाच्या गोट्यांमधल्या फटीत गाळ बसला तर तिथली अंडी गुदमरतात. त्यांना तर हलताही येत नाही.

घरी एक प्रयोग करा. काचेच्या उंच बाटलीत पाणी भरून त्यात मूठभर बागेतली माती टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि घड्याळ पाहत बसा. पहिल्या मिनिटात रेती खाली बसेल. तासाभराने वरचा भाग थोडा निवळेल. झोपायला जाताना पाणी अजून दुधी दिसेल. सकाळी उठून पुन्हा पाहा. स्टोक्सचा नियम पाठ करण्याची गरज उरणार नाही.

पण पावसाळ्यात नदी गढूळ होतेच की!

हा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच, आणि तो विचारलाच पाहिजे. सात मीटर पावसात आंबोलीचे ओढे गढूळ होतात, मग दोन पावलांच्या गाळाचे कौतुक कशाला?

याचे उत्तर नदीच्या जोरात आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकते, असा एक नियम आहे. दोनाचा सहावा घात ६४. त्यामुळे पावसाळी लोंढा गाळ आणतो, पण त्याच जोराने तो वाहूनही नेतो आणि गोट्यांमधल्या फटी घासूनपुसून मोकळ्या करतो. घर झाडताना धूळ उडते, पण घर स्वच्छ होते, तसे. मार्च-एप्रिलमध्ये मात्र धार बारीक झालेली असते. पाण्यात कचरा लोटून नेण्याची ताकद नसते. त्या वेळी उठवलेला गाळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत फटीतच राहतो. आणि सहली नेमक्या तेव्हाच येतात, कारण पाणी कमी असते, उतरायला सोपे असते!

साबणाचीही तीच गोष्ट. पुरात साबणाची वडी विरघळली तर ती हजारो लिटरांत पसरते. उन्हाळी डबक्यात ती तशीच राहते. साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी करतो. एका वाटीत पाणी घेऊन त्यावर अलगद सुई तरंगत ठेवा आणि काठाशी साबणाचे बोट लावा. सुई गडप! पाण्यावर तुरुतुरु चालणारे लांब पायांचे किडे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या पायांखालची जमीनच साबणाने अशी काढून घेतली जाते. माशाच्या अंगावरचा आणि कल्ल्यांवरचा बुळबुळीत संरक्षक थरही साबणाने धुऊन निघतो.

आंबोलीत पावसाळ्यातही एक सावधगिरी लागते, पण तिचे कारण वेगळे आहे. पावसाच्या आरंभी सड्यावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचते आणि त्यात ‘आंबोली टोड’ अंडी घालतो. अंगावर वाघासारखे ठिपके-पट्टे असलेला हा लहान भेक २००९ साली शास्त्राला नव्याने ज्ञात झाला. त्याचे शास्त्रीय नाव ‘झँथोफ्राइन टायग्रिना’. तो जगातील अत्यंत संकटग्रस्त उभयचरांपैकी एक गणला जातो. त्याची पिल्ले वाढतात त्या खळग्यात चार बोटेदेखील पाणी नसते. तिथे होडी काय करणार, एक बूटच पुरेसा आहे. तेव्हा सड्यावर चालताना डबक्यात पाय आपटून पाणी उडवण्याचा मोह आवरावा, उघड्या खडकावरून चालावे.

टिटवीची अंडी

आता होडीकडे परत येऊ. गाळाचा प्रश्न तळाशी येतो, पण होडी तळाला न टेकताही त्रास देऊ शकते.

कोणत्याही रानपक्ष्याकडे चालत गेलात तर ठरावीक अंतरावर तो उडतो. याला पळण्याचे अंतर म्हणू. पण उडण्याच्या बरेच आधी त्याने खाणे थांबवलेले असते, मान उंच केलेली असते. ते झाले सावध होण्याचे अंतर. दोन्ही अंतरे तुम्ही स्वतः पावलांनी मोजू शकता. शेतातला बगळा यासाठी उत्तम. दहा वेळा मोजा आणि सरासरी काढा. गुरे त्याच्या अगदी जवळून गेली तरी त्याला चालते, माणूस मात्र चालत नाही, असे दिसून येईल.

यंत्राची होडी अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येते. पक्षी आधीच सावध होतो, पिल्लांना घेऊन सरकतो. वल्ह्याची होडी मात्र वळणावरून एकदम समोर येते. जो शांतपणा आपल्याला तिचा गुण वाटतो, त्यामुळेच दचकणे जास्त होते. शिवाय पाण्याकडून येणारा शत्रू अनेक पक्ष्यांना अपेक्षितच नसतो. काठाच्या बिळात पिल्ले वाढवणाऱ्या पाणमांजराचेही असेच.

टिटवीचे उदाहरण घ्या. ती घरटे बांधत नाही. नदीकाठच्या गोट्यांत बहुधा चार अंडी घालते. अंडी गोट्यांसारखीच दिसतात. चैत्र-वैशाखात दुपारी तो गोटा हाताला चटका देतो. तुम्हांला वाटेल, टिटवी अंडी ऊब देण्यासाठी बसते. त्या वेळी ती बसते ते सावली देण्यासाठी! इतकेच नव्हे, ती पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. आता एक होडी काठाशी लागली. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली. मुलांना गंमत वाटली, ती तिथेच शिदोरी सोडून बसली. अंडी उन्हात उघडी. अर्ध्या तासाने मुले निघून गेली. त्यांनी काही मोडले नाही, काही उचलले नाही, कागदाचा कपटाही मागे ठेवला नाही. पण अंड्यांतले जीव बहुधा संपले होते.

यात आणखी एक छोटे गणित आहे. प्रत्येक होडी गेल्यावर पक्षी पंधरा मिनिटांनी अंड्यांवर परततो असे धरा. दिवसात आठ होड्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने गेल्या, तर अंडी एकूण दोन तास उघडी राहतील. त्याच आठ होड्या एकामागोमाग लगेच गेल्या तर वीसेक मिनिटे. मग आठही जणांनी एकत्रच जावे का? तेही नाही, मोठा जथा आला की गोंगाट वाढतो, उतरायला जास्त जागा तुडवली जाते. यातून मध्यममार्ग काढावा लागतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ‘बाउंडरी वॉटर्स’ नावाचा सरोवरांचा प्रदेश आहे, तो कॅनूसाठीच प्रसिद्ध आहे. तिथे प्रत्येक प्रवेशद्वारातून दिवसाला किती गट सोडायचे ते ठरलेले आहे, आणि एका गटात नऊ माणसे व चार होड्या यांहून जास्त चालत नाहीत. तिथला लून नावाचा पाणपक्षी जमिनीवर नीट चालूच शकत नाही, म्हणून अगदी पाण्याच्या कडेला घरटे करतो. होडी जवळ आली की अंडी सोडून पाण्यात सरकतो. आपली टिटवी आणि त्यांचा लून, अडचण एकच.

साठ किलोमीटर खाली

आंबोलीहून घाट उतरून सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याला या. रस्त्याने साठेक किलोमीटर. जिल्हा तोच, पण पाणी पार बदलले! वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत कांदळवन आहे. येथे मच्छीमार कुटुंबांतील महिलांच्या ‘स्वामिनी’ बचत गटाने २०१७ पासून होडीतून कांदळवन दाखवण्याची सफर सुरू केली. त्या स्वतः वल्हे मारतात आणि वाटेत तिवर कोणता, कांदळ कोणता, चिपी कोणती ते दाखवतात.

मग जी होडी हिरण्यकेशीच्या उगमाशी नको, ती इथे कशी चालते? पाण्याची प्रकृती म्हणतात ती हीच. खाडी मुळातच गढूळ असते. तिचा तळ चिखलाचा, आणि तिथले जीव चिखलातच राहायला शिकलेले. चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहा. ती पाण्याबाहेरही बराच वेळ राहू शकते. तिवराची मुळे हवेसाठी चिखलातून बोटांसारखी वर येतात. शिवाय सुमारे साडेबारा तासांनी एकदा भरती येते, पाणी दीड-दोन मीटर चढते आणि ओहोटीबरोबर बाहेर जाते. म्हणजे दिवसातून दोनदा घर धुतले जाते. हिरण्यकेशीला ते वर्षातून एकदाच, पावसाळ्यात मिळते.

म्हणून खाडीत काहीही चालते असे मात्र नाही. भरतीच्या वेळी होडी झाडांमधून अलगद जाते. ओहोटीत तीच होडी ओढत नेली तर श्वसनमुळे मोडतात आणि चिखलातली खेकड्यांची बिळे बुजतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक तिथल्या माणसांच्या अंगात मुरलेले असते, पाहुण्याच्या नसते. माझे मत विचाराल तर, अनोळखी पाण्यात स्वतःची होडी घालण्यापेक्षा त्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांच्या होडीत बसणे शहाणपणाचे. खाडी बिघडली तर पहिला तोटा त्यांचाच असतो. आणि कोणत्याही होडीत बसाल तेव्हा अंगात तरंगजाकीट आणि बरोबर जाणते माणूस हवेच, पोहता येत असले तरी.

तळाला चिकटून येणारे पाहुणे

होडी एका पाण्यातून काढून दुसऱ्या पाण्यात घातली तर तिच्याबरोबर आणखी कोण जाते? जलपर्णीचा एक तुकडा वल्ह्याला अडकला असे समजा. अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. वीस आठवड्यांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाच्या १०२४! कोल्हापूरकरांना पंचगंगेतली जलपर्णी काढायला किती कष्ट पडतात ते विचारा.

डोळ्यांना न दिसणारे पाहुणे अधिक वाईट. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ साली ‘डिडिमो’ नावाचे एक शैवाल आढळले. ते दगडांवर ओल्या लोकरीसारखे थर करते. एका नदीतून दुसऱ्या नदीत न्यायला त्याला एक ओला बूट किंवा होडीच्या तळाचा एक थेंब पुरतो. तेव्हापासून तिथे नदीवर जाणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी शिकवल्या जातात: तपासा, धुवा, वाळवा. बेडकांच्या कातडीला जडणारी एक बुरशीही अशीच पाण्यातून पसरते. १९९९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. जगात अनेक ठिकाणी तिने बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या आणि पश्चिम घाटातील बेडकांतही ती आढळली आहे. तिची बीजाणू-अवस्था पाण्यात पोहते, पण कोरडेपणा तिला सोसत नाही. म्हणून होडी, वल्ही, बूट, जाळी, सारे काही कडक उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नये. फुकटचे औषध आहे, फक्त एक दिवस थांबावे लागते.

बादली आणि नळी

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवतो. आपल्या गावच्या ओढ्याचा गढूळपणा पाण्यात न उतरता मोजता येतो. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्रात एक पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहिले. आपला ओढा इतका खोल नाही, म्हणून आपण उलटे करू. मीटरभर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची सरळ नळी घ्या. खालचे तोंड पांढऱ्या बुचाने बंद करा आणि त्या बुचावर आतल्या बाजूने न पुसणाऱ्या शाईची काळी फुली काढा. नळीच्या बाहेर सेंटिमीटरच्या खुणा करा. साकवावरून दोरीने बादली सोडून पाणी काढा, ढवळून नळीत हळूहळू ओता आणि वरून फुलीकडे पाहत राहा. फुली दिसेनाशी होते ती पाण्याची उंची लिहून ठेवा. पाणी जितके स्वच्छ तितकी उंची जास्त. नळी पूर्ण भरूनही फुली दिसत असेल तर ‘१०० हून अधिक’ असे लिहा.

हे माप एखाद्या रविवारी सकाळी सात वाजता, माणसांची वर्दळ सुरू होण्याआधी घ्या. मग दुपारी बारा वाजता, संध्याकाळी पाच वाजता. त्याच जागी बुधवारीही घ्या. महिनाभराचे आकडे आलेखावर मांडा, रविवारसाठी एक रंग, बुधवारसाठी दुसरा. गुरे पाण्यावर येण्याची वेळ, कपडे धुण्याची वेळ, त्या दिवशी पाऊस झाला का, याचीही नोंद ठेवा, नाहीतर गुरांचा गाळ सहलीच्या माथी मारला जाईल. दोन ओढे मोजायचे असतील तर दोन बादल्या वापरा. आणि मोजून झाले की नळीतले पाणी जिथून काढले त्याच ओढ्यात परत ओता.